महाभूनकाशा: पणजोबांच्या वस्तीची जागा शोधायला कितपत उपयोगी?

महाभूनकाशा म्हणजे राज्य सरकारचं जमिनीच्या नकाशांचं संकेतस्थळ. सोलापूर जिल्ह्यातली पणजोबांची जुनी वस्ती शोधत असाल, तर तो तुम्हाला रानाच्या बांधापर्यंत आणून सोडतो. पडून गेलेल्या घराच्या जोत्यापर्यंत पोचायला जुने कागद, फीत आणि पायपीट लागते. एवढं ध्यानात ठेवून वापरला, तर फुकट मिळणाऱ्या सोयींत याच्याइतकी कामाची दुसरी सोय नाही.

आधी घर पांढरीत (गावठाणात) होतं की काळीत (रानात), हे ठरवा. गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. त्यासाठी ग्रामपंचायतीचा नमुना ८ (घरांच्या कर आकारणीची नोंद) पाहायचा आणि गावठाणाची मोजणी झालेली असेल तर मिळकत पत्रिका. पुढचं सगळं रानातल्या वस्तीसाठी आहे.

वापर सोपा आहे. ग्रामीण विभाग, सोलापूर जिल्हा, तालुका आणि गाव निवडून नंबर टाकला की तो तुकडा शेजारच्या गटांसकट समोर येतो. फसगत होते ती या नंबरातच. घरातली म्हातारी माणसं आणि जुनी खरेदीखतं सर्व्हे नंबर सांगतात, नकाशावर मात्र बहुतेक गावांत गट नंबर आहेत. १९४७ च्या कायद्याखाली झालेल्या जमिनीच्या तुकड्यांच्या एकत्रीकरणात नंबर नव्याने पडले. सर्व्हे नंबर २१४ म्हणून गट २१४ उघडला, तर शिवाराच्या दुसऱ्याच टोकाचं परक्याचं रान दिसेल. त्यासाठी तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून एकत्रीकरणाचा ९(३) आणि ९(४) चा उतारा घ्या. दुसरीकडून आजच्या सातबाऱ्यावरचे फेरफार क्रमांक धरून एकेक नोंद मागे जा. दोन्ही वाटा एकाच तुकड्यावर आल्या, तरच पुढे सरका.

क्षेत्रही ताडून पाहा. जुन्या कागदावरचं ३-२० म्हणजे ३ एकर २० गुंठे, अर्थात साडेतीन एकर, आजचे साधारण १ हेक्टर ४२ आर. ते दशांशात ३.२० एकर असं वाचलं की १२ गुंठ्यांचा घोळ होतो आणि माणूस बरोबर गट चुकीचा समजून सोडून देतो.

या नकाशाची खरी उणीव पुढे आहे. त्यावर मुख्यत्वे हद्दी आणि नंबर दिसतात. विहीर, ओढा, गाडीवाट यांच्या खुणांसाठी जुन्या छापील गावनकाशाची नक्कल मागावी. पुष्कळ जुने गावनकाशे मैलाला ८ इंच या मापाचे आहेत. त्यावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर जवळजवळ ८ मीटर. नक्कल काढताना कागद जरासा सरकला तरी अख्खं घर इकडचं तिकडे होतं. म्हणून नकाशावर पट्टी ठेवून जागा ठरवू नका. त्या सर्व्हे नंबरचं टिपण, म्हणजे मोजणीच्या वेळी मापं लिहिलेला मूळ कागद, मागा. टिपणातली मापं साखळी-आण्यात असतात: साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे, म्हणजे एक आणा २ फूट पाऊण इंच. ६६ फुटांची साखळी धरली की प्रत्येक अंतर दुप्पट होतं. ही चूक फार होते. जुनी नोंद मोडीत असेल तर वाचणाऱ्या जाणकाराकडूनच वाचून घ्या, अंदाजाने नावं लावू नका.

सातबाऱ्यावरच्या दोन नोंदी सहसा कुणी पाहत नाही. एक पोटखराबा (लागवडीलायक न धरलेला भाग) वर्ग अ. धारकाची शेतघरं आणि खळी याच वर्गात धरतात, म्हणून चांगल्या काळ्या रानात दोन-तीन गुंठे वर्ग अ दिसले तर तिथे वस्ती असण्याचा संशय घ्यायला जागा आहे. दुसरी 'इतर अधिकार' या रकान्यातली विहीर, 'चार आणे हिस्सा' (म्हणजे पाव वाटा) वगैरे. घर पडतं, त्याचे दगड-लाकूड लोक नेतात. विहीर बुजवली तरी खड्डा राहतो. मोजायला सुरुवात विहिरीपासूनच करावी.

रानात जायचं ते शाळू निघाल्यावर, मार्च ते मे. सकाळच्या तिरप्या उन्हात जोत्याचा उंचवटा सावलीने कळतो. माळवदाचं (सपाट मातीच्या छताचं) घर कोसळलं की भिंतींची आणि छताची पांढरी माती तिथेच पसरते. काळ्या रानात तो फिकट पट्टा, सोबत खापऱ्या, फुटकं जातं, उखळ अशा खुणा शोधा. नांगराने खापऱ्या काही मीटर सरकतात, म्हणून जिथे त्या दाट आहेत तो मध्य धरा. उसासाठी जेसीबीने सपाट केलेल्या रानात हे काही उरत नाही. तिथे कागदावरच थांबावं लागतं. रान आज दुसऱ्याचं असेल तर आधी परवानगी, आणि खणायचं नाही.

अक्कलकोट आणि सांगली संस्थानातलं मंगळवेढा यांचा १९४८ पूर्वीचा कारभार संस्थानी होता, त्यामुळे त्या काळातलं दप्तर वेगळं विचारा. करमाळा-माढ्याकडची वस्ती उजनी धरणाच्या पाण्यात गेली असेल तर धरणाआधीचे नकाशे लागतात. अमेरिकी लष्कराच्या नकाशा विभागाची १:२,५०,००० मापाची मालिका टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने इंटरनेटवर फुकट ठेवली आहे. तिच्यावर घर दिसणार नाही, पण बुडालेलं गाव नदीच्या कोणत्या वळणावर होतं ते कळतं. धरणाचा साठा उणेमध्ये (वापरायच्या पाण्याच्या पातळीखाली) गेला की उन्हाळ्यात जुन्या भिंती उघड्या पडतात. तेव्हाही गाळ पूर्ण वाळल्याशिवाय आत पाय टाकू नका.