हातावरचा फोड: फोडावा की राखावा? सोललेली कातडी: कापावी की ठेवावी?

क्लाइंबिंगच्या भिंतीवरून उतरून मूठ उघडावी, तर बोटाच्या मुळाशी टम्म फुगलेला फोड. पुढच्या चढाईचा विचार नंतर. आधी या कातडीचं काय करायचं ते ठरवू.

फोड राखण्याच्या बाजूचं कारण भक्कम आहे. होल्डवर, म्हणजे भिंतीवरच्या पकडीवर, घासताना कातडीचे वरचे थर एकमेकांपासून सुटतात आणि मधल्या पोकळीत पाणी भरतं. वरचं पातळ कातडं अखंड असेपर्यंत बाहेरचे जंतू आत जात नाहीत. त्याच्या आडोशाला साधारण 48 तासांत नवी कातडी धरू लागते आणि 5 दिवसांच्या आसपास तिच्यावर टणक थरही येतो. इतकं सुरेख झाकण कुठल्याच पट्टीला जमत नाही. म्हणून फोड लहान असेल, दुखत नसेल, तर त्याला हात लावू नका.

मोठा, ताणलेला फोड मात्र मूठ वळतानाच फुटायच्या बेतात असतो. तो भिंतीवर फुटला की नुसतं पाणी जात नाही, झाकणच फाटून निघतं. असा फोड घरी शांतपणे रिकामा केलेला बरा. हात साबणानं धुवा, सुई स्पिरिटनं पुसा, फोडाच्या कडेला दोन ठिकाणी टोचा आणि पाणी हलकेच दाबून काढा. वरचं कातडं तसंच राहू द्या. घाई होते ती इथेच. पहिल्या दिवशी पाणी पुन्हा भरलं तर पुन्हा काढा. रक्ताचा फोड मी फोडत नाही. त्यात खालच्या बारीक रक्तवाहिन्याही दुखावलेल्या असतात. त्याला वेळ देणंच योग्य. मधुमेह असणाऱ्यांनी कुठलाच फोड घरी टोचू नये.

आता घट्टा सोलून लोंबणारी कातडी. बरेच जण ती तिथल्या तिथे कापतात. कडेचा जाड, मेलेला तुकडा होल्डला अडकून आणखी फाटणार असेल तर तो कापणं बरोबर, पण स्वच्छ कात्रीनं. ओढून तोडू नका, चांगली कातडीही सोबत निघते. खाली ओलसर गुलाबी मांस दिसत असेल तर मी जखम वाहत्या पाण्यानं धुते, पकडीसाठी हाताला लावलेल्या चॉक पावडरचा कण न् कण काढते आणि तीच कातडी परत बसवून पट्टी बांधते. दोन-तीन दिवसांनी ती वाळते, तेव्हा कापते. या पद्धतीत पहिल्या रात्रीची आग खूप कमी होते.

उघडी ठेवून सुकवावी, की झाकावी? जुना सल्ला सुकवण्याचा. पण 1962 साली संशोधक जॉर्ज विंटर यांनी डुकरांवरच्या प्रयोगात दाखवलं, की झाकलेल्या, ओलसर राहिलेल्या जखमेवर नवी कातडी जवळजवळ दुप्पट वेगानं येते. खपली धरली की नव्या पेशींना तिच्या खालून वाट काढावी लागते. तेव्हा पेट्रोलियम जेलीचा पातळ थर आणि वर पट्टी, हाच माझा कौल. उघड्या जखमेवर स्पिरिट किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड नको, नव्या पेशींना ते मारक ठरतं.

पट्टी कोणती, हे वेळेवर ठरतं. विश्रांतीच्या दिवसांत हायड्रोकोलॉइडची पट्टी उत्तम. ती जखमेतलं पाणी शोषून जेल बनवते आणि काही दिवस तशीच ठेवता येते. चढताना मात्र ती घामानं सरकते. तिथे झिंक ऑक्साइडची न ताणणारी टेपच हवी, बोटाभोवती पूर्ण वेढे देऊन. नखाचा रंग बदलला तर टेप फार आवळली आहे. उघड्या जखमेवर थेट चिकटवू नका.

बोटाच्या टोकाला पडणाऱ्या भेगांचं थोडक्यात: कडा कानशीनं सपाट करा, रात्री मलम लावा. घट्टेही असेच सपाट ठेवले तर सोलण्याचं प्रमाण कमी होतं.

लाली पसरत चालली, पू आला, ताप आला, किंवा लाल रेघ मनगटाकडे सरकली तर लगेच डॉक्टरांकडे जा. मातीची जखम असेल आणि धनुर्वाताची सुई घेऊन 5 वर्षं उलटली असतील, तर तेही विचारा.

परत कधी चढायचं? दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं नवी कातडी जोरात दाबून बाजूला ओढा. चुरचुरली, तर अजून दोन दिवस थांबा.