वाशीच्या बारमधला जॅम बँड: आठ महिने ऐकल्यानंतर

नोव्हेंबरात हा बँड पहिल्यांदा ऐकला त्याच रात्री लिहायला बसलो होतो. बरं झालं, झोप लागली. नाहीतर नुसती आरती ओवाळली असती.

ऑफिसातल्या मित्राच्या सेंड-ऑफला वाशी स्टेशनजवळच्या एका बारच्या गच्चीवर गेलो होतो. कोपऱ्यात चौघं उभे: गिटार, बेस, कीबोर्ड, ड्रम्स. म्हटलं, आता जुनी हिंदी गाणी आणि टेबलाटेबलावरून फर्माइशी. पण यांनी एक चाल धरली ती सोडेचनात. दहा मिनिटांनी मित्र म्हणाला, "अरे, यांना संपवायचं कसं ते कोणी शिकवलं नाही का?" मी तोपर्यंत खुर्ची फिरवून त्यांच्याकडे तोंड करून बसलो होतो.

बँडचं नाव देत नाही. आठ महिन्यांत दोनदा बदललंय, हे वाचेपर्यंत तिसरं आलेलं असेल.

जॅम बँड म्हणजे चाल ठरलेली आणि मधलं सगळं मोकळं. यातलं मोठं घराणं कॅलिफोर्नियाच्या ग्रेटफुल डेड या बँडचं, 1965 पासूनचं. पुढे 1983 मध्ये व्हरमाँटमध्ये फिश नावाचा बँड सुरू झाला. आपल्याला हे फार परकं वाटू नये. मुखडा घ्यायचा, भटकायचं, समेवर भेटायचं. फरक एवढाच की आपल्याकडे तबलजी ठेका धरून घर सांभाळतो, इथे तोही भटकायला निघतो. हे चौघं बऱ्याचदा दोनच कॉर्डवर (एकत्र वाजवलेल्या स्वरांचे गुच्छ), डोरियन नावाच्या पाश्चात्त्य सप्तकात तळ ठोकतात. डोरियनचे स्वर म्हणजे आपला काफी थाट. पहिल्याच रात्री कान का रमला, ते मला घरी पेटी काढल्यावर कळलं.

खरी गंमत बघण्यात आहे, म्हणून ड्रमरच्या उजव्या हाताला टेबल घ्या. त्याचा उजवा हात हाय-हॅटवरून (पायाने मिटणारी झांजांची जोडी) राइडवर (मोठी झांज) गेला की बेसवाला मान न वळवता वर सरकतो. परतायचं असलं की गिटारवाला मुखड्याचे पहिले तीन स्वर हळूच टाकून बघतो. कोणी उचलले नाहीत तर थोड्या वेळाने पुन्हा. फेब्रुवारीत कीबोर्डवाल्याचा मॉनिटर, म्हणजे वाजवणाऱ्याकडे तोंड केलेला स्पीकर, बंद पडला होता, त्याला ते स्वर ऐकूच जाईनात. गिटारवाल्याने चारदा हाक मारली, मग हसत सुटला आणि स्वतःच कीबोर्डच्या मागे मागे गेला. आठ महिन्यांतलं सगळ्यात चांगलं वाजवणं त्या बिघाडातून निघालं.

आता रडगाणं. अकरा कार्यक्रम ऐकले. चार उत्तम, पाच ठीक, दोन सरळ कंटाळवाणे. कंटाळवाण्या रात्री चौघंही एकमेकांची वाट बघत बसतात आणि पंधरा मिनिटं नुसता रवा भाजल्यासारखं चालतं: हलवतायत, पण शिरा काही होत नाही. एप्रिलमध्ये मागे मोठ्या पडद्यावर मॅच. षटकार बसला की गच्ची ओरडायची आणि ड्रमर बिचारा दचकायचा. कव्हर चार्ज, म्हणजे आत जायचे पैसे, पाचशे, म्हणे खाण्यात वळता होतो. बिलात तो वळलाय का ते स्वतः बघा, माझा दोनदा वळला नव्हता.

सगळ्यात मोठी अडचण घड्याळाची. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही. नियमाबद्दल तक्रार नाही, माझ्याही इमारतीत म्हातारी माणसं आहेत. पण बारवाले साडेआठ सांगतात आणि साऊंडचेक सव्वानऊपर्यंत रेंगाळतो. यांना तापायलाच अर्धा तास लागतो. म्हणजे गाडी लागते रुळावर आणि दिवे लागतात. जूनपासून पावसामुळे आत, खाली वाजवतात. तिथे वेळ जास्त मिळतो, पण छत बुटकं, झांजा कानात घुसतात. मेडिकलमधले फोमचे बोळे खिशात असू द्या.

तरीही जातो, कारण तीच चाल दोनदा तशीच येत नाही. मी मोबाइलवर रेकॉर्ड करतो. एकच चाल डिसेंबरात सात मिनिटांची, मार्चमध्ये तेवीस. मार्चवाली ठाण्याला गाडी सुटताना लावली की तुर्भ्याच्या आसपास संपते. सुरुवातीला चोरून करायचो. मग एकदा बेसवालाच टेबलाशी आला. "दादा, ते रेकॉर्डिंग पाठवा ना. आमच्याकडे काहीच नसतं." ग्रेटफुल डेडने 1984 मध्ये रेकॉर्डिंग करणाऱ्या श्रोत्यांसाठी वेगळी जागाच ठेवायला सुरुवात केली होती. माझी जागा म्हणजे पाण्याच्या जगला टेकवलेला फोन.

बायकोला दोनदा नेलं. पहिल्यांदा तिने विचारलं, "हे अजून पहिलंच का?" दुसऱ्यांदा विचारलं नाही, पण जेवण झाल्यावर लगेच निघूया म्हणाली. शब्द ऐकायला जाणाऱ्यांनी जाऊ नये, शब्द फारसे नाहीतच. गप्पा मारायच्या असतील तर आतल्या बाजूला बसा, आमच्या पुढे नको.

मार्चच्या रेकॉर्डिंगमध्ये सतराव्या मिनिटाला, गिटार अगदी टोकाला पोचलेली असताना, मागून वेटरचा आवाज येतो: "दोन चिकन चिली, एक ड्राय." इतक्यांदा ऐकलंय की तो आता चालीचाच भाग झालाय. परवाच्या शनिवारी गिटार तशीच वर गेली, मी वाट बघत राहिलो आणि ऑर्डर काही आली नाही.