रेडिओचा इव्हेंट लॉग आणि फॉल्ट अलार्म, बरेच महिने वापरल्यावर

दोन ठिकाणं बिनतारी नेटवर्क लिंकने जोडणारे ५ गिगाहर्ट्झचे पॉइंट टू पॉइंट रेडिओ आहेत, स्पीडबद्दल सगळेच लिहितात म्हणून मी फक्त लॉगिंगबद्दल, म्हणजे रेडिओ घडामोडींची जी नोंद ठेवतो तिच्याबद्दल लिहितोय, कारण रात्री लिंक पडली की कामाला तेच येतं.

लॉग रॅममध्ये, तात्पुरत्या मेमरीत राहतो. म्हणजे पॉवर गेली की लॉग साफ, आणि फॉल्ट नेमका पॉवरचाच असेल तर पुरावाच गायब! नेटवर्कवरून लॉग गोळा करून ठेवणारा बाहेरचा सिसलॉग सर्व्हर हवाच. पण तो यूडीपी पोर्ट ५१४ वर चालतो, यूडीपीत मेसेज पोचला का नाही कोणी विचारत नाही, आणि लिंकच मेली असेल तर पलीकडच्या रेडिओचे मेसेज येणार कुठून? एसएनएमपी ट्रॅपची (रेडिओ स्वतःहून पाठवतो त्या अलार्म मेसेजची) पण तीच बोंब, इन्फॉर्म मोडमध्ये निदान पोच आली नाही तर परत पाठवतो. एनटीपी (नेटवर्कवरून घड्याळ जुळवायची सोय) आधी सेट करा, नाहीतर रीबूटनंतर तारीख १९७० ची पडते आणि दोन्ही टोकांचे लॉग जुळवताना डोकं फिरतं.

डीएफएसची (रडार दिसलं की चॅनल बदलायच्या सोयीची) नोंद मात्र झकास. रडार दिसलं, चॅनल सोडला असं सरळ लिहून येतं, त्या चॅनलवर पुढची ३० मिनिटं जाता येत नाही आणि नव्यावर आधी किमान ६० सेकंद ऐकत बसावं लागतं, त्यामुळे मिनिटभर लिंक गेली तर उगाच कोणाला टॉवरवर चढवायला नको.

लिंक डाऊनचा अलार्म मला फारसा उपयोगी वाटत नाही, तो येतो तेव्हा फोन आधीच वाजायला लागलेले असतात. खरी मजा सिग्नल आणि एसएनआरच्या (सिग्नल नॉइजच्या किती वर आहे त्याच्या) ग्राफमध्ये. दोन्ही टोकांचा सिग्नल सारखाच पडला तर अँटेना हललाय किंवा मधे काहीतरी आलंय, सिग्नल जागच्या जागी पण एकाच टोकाचा एसएनआर पडला तर त्या टोकाला इंटरफेरन्स. आणि इथरनेट पोर्ट १००० एमबीपीएसवरून १०० वर येऊन सारखा वरखाली होत असेल, सीआरसी एरर (खराब होऊन पोचलेला डेटा) वाढत असतील तर रेडिओला शिव्या देऊ नका, केबल आणि कनेक्टर बघा, पाणी गेलेलं असतं बहुतेक.

वैताग एकच. सिसलॉगमध्ये गांभीर्याच्या ० ते ७ अशा आठ लेव्हल असताना या रेडिओनी क्लायंट जोडला आणि पोर्ट पडला दोन्ही एकाच लेव्हलला टाकलंय, मग फिल्टर शब्दांवर लावत बसा.

अपटाइमवरून (रेडिओ किती वेळ सलग चालू आहे त्यावरून) रीबूटचा अलार्म लावणार असाल तर तो ३२ बिटचा काउंटर ४९७ दिवसांनी आपोआप शून्यावर येतो, आणि फर्मवेअर अपडेटनंतर सिसलॉग सर्व्हरचा आयपी उडालाय का तेही बघत जा, आमच्याकडे उडतो.