पश्चिम नाशिकचे धरणांचे रस्ते: पावसाळा ते उन्हाळा, लादलेल्या सायकलवर

गंगापूर धरणापर्यंत जायचं, चहा-पोहे घ्यायचे आणि नऊच्या आत घरी, ही नाशिकच्या सायकलवाल्यांची ठरलेली सकाळ. तिच्यात वाईट काही नाही. पण बहुतेक जण जिथून मागे वळतात तिथूनच खरा मुलूख सुरू होतो. गंगापूर, काश्यपी, वैतरणा, मुकणे, दारणा, भावली ही धरणं आणि जिल्ह्याची हद्द ओलांडली की भंडारदरा. मधल्या पट्ट्यात वाघेऱ्याचं, हरसूलचं, पहिन्याचं रान. गेल्या पावसाळ्याच्या सुरुवातीपासून या उन्हाळ्यापर्यंत मी आणि माझी नणंद कॅरिअरला पिशव्या लावून याच रस्त्यांवर फिरतोय. माझं मत आता पक्कं झालंय: हे रस्ते मुक्कामाचे आहेत. सकाळी निघून दुपारी परतणाऱ्याला यातलं निम्मंही दिसत नाही.

हे सांगायचं कारण, नाशिकचं सायकलीत नाव झालं ते लांब पल्ल्याच्या शर्यतींमुळे. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली 'रेस अॅक्रॉस अमेरिका' पूर्ण केली, तेव्हापासून शहरात सायकलीचं वारंच शिरलं. त्याचा मला अभिमान आहे. मात्र त्यामुळे कोणाशीही बोला, आधी किती किलोमीटर आणि किती सरासरी हेच विचारतात. सामान घेऊन वाघेरा घाट चढताना माझा वेग चालणाऱ्यापेक्षा थोडाच जास्त असतो, आणि म्हणूनच मला तिथला ऐन कोणता, साग कोणता हे ओळखता यायला लागलं.

आधी याच रस्त्याबद्दल. गिरणाऱ्यापर्यंत बागायती: टोमॅटो, द्राक्षबागा, पिकअप गाड्यांची वर्दळ. गिरणारे सोडून धोंडेगावच्या दिशेला लागलं की दहा-पंधरा मिनिटांत सगळं बदलतं. काश्यपीचं पाणी दिसतं, डोंगर जवळ येतात, शेतं लहान होतात. ऑगस्टमध्ये उतारांवर नागली-वरईची रोपं, ऑक्टोबरात खुरासणीची पिवळी फुलं, फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस पेटलेला, त्यानंतर मोहाची फुलं वेचायला पहाटे घराबाहेर पडलेल्या बाया आणि मुलं. एकाच रस्त्यावर चार वेळा वेगवेगळा प्रदेश बघितल्यासारखं वाटलं. वाघेरा घाट फार लांब नाही, पण वळणांवर चढ एकदम अंगावर येतो. पावसाळ्यानंतर उतारावर खड्डे आणि सुटी खडी असते, म्हणून हरसूलच्या बाजूला उतरताना ब्रेकवरची बोटं सोडू नका. हरसूलला बाजाराच्या दिवशी पोहोचलात तर दोन तास हातात ठेवा. नागलीची भाकरी, उडदाची आमटी आणि ठेचा एवढ्यावर पुढचा सगळा चढ निघतो. हरसूलहून त्र्यंबककडे वळणारा रस्ता आहे. त्र्यंबकला धर्मशाळा, भक्तनिवासं भरपूर, सायकल आत ठेवू द्या म्हटलं की नाही म्हणत नाहीत.

पेठ रस्त्याने जायचा मोह टाळा. नकाशावर तो सरळ दिसतो, पण सावळघाटात गुजरातकडे जाणारे ट्रक असतात आणि सायकलला कडेला जागाच उरत नाही. नाशिक-त्र्यंबक रस्त्यावरही २०२७ च्या सिंहस्थाची कामं चालू आहेत, धूळ आणि डंपर. आम्ही त्यामुळेच गिरणाऱ्याकडून फिरून जातो.

दुसरा रस्ता माझा सगळ्यांत आवडता: त्र्यंबक, पहिने, वैतरणा, घोटी, बारी, भंडारदरा. याला किमान दोन रात्री द्या, तीन दिल्यात तर उत्तम. ब्रह्मगिरीला वळसा घालून दक्षिणेकडे निघालात की थोड्याच वेळात आपण एक मोठी सीमा ओलांडलेली असते. इकडचा पाऊस गोदावरीतून बंगालच्या उपसागराला जातो, तिकडचा वैतरणेतून अरबी समुद्राकडे. ऊर्ध्व वैतरणेच्या जलाशयातलं पाणी मुंबईच्या नळांना जातं. रस्त्यावर याची कुठे पाटी नाही. पण चढ संपून पलीकडचा उतार लागला आणि ओढे उलट्या दिशेला वाहताना दिसले की ते आपोआप समजतं, आणि मला दर वेळी तितकाच आनंद होतो.

पहिन्याबद्दल स्पष्ट लिहिते. जुलै-ऑगस्टच्या शनिवार-रविवारी तिथे सायकल नेऊ नका. धबधब्यांपाशी गाड्यांची रांग, मोठ्याने गाणी, दारू पिऊन मोटारसायकल चालवणारी पोरं. बाईमाणसाला तर नकोसं होतं. तोच रस्ता मंगळवारी सकाळी घ्या. धुकं, पाण्याचा आवाज आणि गुरं राखणारा एखादा आजोबा, बाकी कोणी नाही. वैतरणेच्या कडेकडेने जाणारा पट्टा जवळपास सपाट आहे, तिथे घाई करू नका. कावनईला जरा वाट वाकडी करायला हरकत नाही. घोटीत भाताच्या गिरण्या आहेत, तिथून इंद्रायणी तांदळाची लहान पिशवी आम्ही नेहमी घेतो.

घोटीपासून भंडारदऱ्याचा रस्ता बारीवरून, कळसूबाईच्या पायथ्याने जातो. १६४६ मीटरचं शिखर डाव्या-उजव्या हाताला सरकत राहतं आणि चढ संपता संपत नाही. धरणाजवळच्या शेंडी गावात मुक्काम करा आणि दुसऱ्या दिवशी सामान तिथेच ठेवून जलाशयाची फेरी मारा. १९२६ साली पूर्ण झालेल्या विल्सन धरणामागे पसरलेल्या या पाण्याभोवतीचा साधारण चाळीसेक किलोमीटरचा रस्ता माझ्या मते आपल्या भागातला सर्वोत्तम सायकल रस्ता आहे. आम्ही सकाळी उडदावणे, घाटघरच्या बाजूने निघतो, कोकणकड्यावर ढग चढायच्या आत पोहोचतो, मग साम्रद आणि दुपारी रतनवाडी. अमृतेश्वराच्या देवळात सावलीत बसून डबा. फक्त मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत काजव्यांच्या दिवसांत संध्याकाळी त्या रस्त्यावर सायकल नको. गाड्यांचे दिवे सरळ डोळ्यांत येतात, आणि त्या दिव्यांचा काजव्यांनाही त्रासच.

परतीला मुंबई-आग्रा महामार्ग धरू नका. समृद्धी महामार्गावर तर सायकलला परवानगीच नाही. घोटीहून सिन्नरचा रस्ता घ्यायचा, पांढुर्लीला डावीकडे वळायचं आणि भगूर, देवळालीवरून नाशिकरोडला यायचं. थोडं लांब पडतं, पण शेवटचा दिवस ट्रकच्या हॉर्नमध्ये जात नाही.

ऋतूचं गणित या भागात फार महत्त्वाचं आहे. नाशिक शहरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस, आणि जेमतेम ४५ किलोमीटरवरच्या इगतपुरीत ३,००० च्या पुढे. घरातून कोरड्या रस्त्याने निघून दोन तासांत चिंब व्हायची तयारी हवी. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो, म्हणजे जाताना तो छातीवर आणि येताना पाठीशी. म्हणून पहिला दिवस मुद्दाम छोटा ठेवा; परतीला वाराच अर्धं काम करतो. मला विचाराल तर ऑक्टोबर ते डिसेंबर सगळ्यांत चांगला काळ. धरणं भरलेली, रस्ते वाळलेले, भाताची कापणी चाललेली.

एप्रिल-मे मध्ये मात्र एक गोष्ट मनाला लागली. धरणाचं पाणी खाली जातं, उघड्या पडलेल्या जमिनीवर गाळपेर केलेली दिसते, आणि तिथून थोड्या अंतरावरच्या पाड्यांवर बाया हंडे घेऊन विहिरीच्या तळाशी गेलेल्या असतात. पाणी शहरांना गेलेलं, गावाला टँकर. त्या दिवसांत आम्ही प्रत्येकी पाच लिटर पाणी घरून घेऊन निघतो आणि पाड्यावर बाटल्या भरत नाही. लोक आपणहून तांब्या पुढे करतात. एक घोट घ्यावा, आभार मानावेत आणि तांब्या परत द्यावा. विकत घेण्यासारखं काही असेल, करवंदं, जांभळं, आंबे, तर ते जरूर घ्यावं आणि भाव करू नये.

सायकलीविषयी थोडक्यात. गिअर असे हवेत की पुढच्या सर्वांत लहान चकतीचे दात मागच्या सर्वांत मोठ्या चकतीएवढे किंवा त्याहून कमी असतील, नाहीतर सामानासकट वाघेरा चढताना गुडघे बोलतात. मी ३८ मिलिमीटरचे टायर वापरते. बारीक टायर या खडीवर टिकत नाहीत. ट्यूबला मोटारसायकलसारखा जाड व्हॉल्व्ह घ्या. बारीक व्हॉल्व्हमध्ये गावच्या पंक्चरवाल्याला हवा भरता येत नाही, जाड व्हॉल्व्हचं काम कुठेही होतं. पावसाळ्यात लाल चिखल ब्रेक पॅड भराभर खातो, म्हणून सुट्या पॅडची जोडी पिशवीत असू द्या आणि मुक्कामाला पोहोचल्यावर आंघोळीच्या आधी चेन धुऊन तेल द्या. डोंगराच्या आड मोबाइलला रेंज नसते, नकाशा घरीच उतरवून घ्या.

जे पहिल्यांदाच सामान लादून निघणार आहेत त्यांनी घाटात जाऊ नये, हिवाळ्यात पूर्वेला नांदूर मधमेश्वरला जावं. सायखेडा, चांदोरीवरून रस्ता सपाट आहे. गोदावरी-कादवेच्या संगमावरच्या बंधाऱ्यामागचं हे पाणी २०२० साली महाराष्ट्राचं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरलं. डिसेंबर-जानेवारीत पहाटे चक्रवाक, थापट्या ही बदकं, नशीब असेल तर क्रौंचांचा थवा दिसतो. निफाडची थंडी सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे, हातमोजे विसरू नका. आजूबाजूला उसाचे मळे आणि बिबट्यांचा वावर आहे, त्यामुळे अंधार पडायच्या आत मुक्कामी पोहोचायचं. एवढं जमलं की पुढच्या सुट्टीत गिरणाऱ्याच्या रस्त्याला लागायला हरकत नाही.