टिपूर चांदण्यात दाखवलेली जागा

घरची वेधशाळा बांधायची म्हणून वाळवंटात जमिनीचा तुकडा घेतला आणि दोनदा फसलो. आधी जमीन विकणाऱ्यानं, मग बांधणाऱ्यानं.

विकणाऱ्यानं जागा बघायला बोलावलं ते शुद्ध त्रयोदशीला. टिपूर चांदणं, वारा पडलेला, नजर जाईल तिथवर एक दिवा नाही. मी खूश! इतक्या चंद्रप्रकाशात कुठलंही आभाळ सारखंच फिकं दिसतं, हे दुर्बीण बाळगणाऱ्याला कुणी सांगायला नको होतं. व्यवहार झाल्यावर अमावस्येला एकटा गेलो, तर दक्षिणेला हातभर पांढुरका उजेड वर चढलेला. टेकडीआड खाण. धनू आणि वृश्चिक, म्हणजे आकाशगंगेचा सगळ्यात श्रीमंत भाग, नेमका तिकडेच.

'बॉर्टल दोन', म्हणजे जवळजवळ पूर्ण काळोखं आभाळ, असं विकणारा छातीठोकपणे सांगत होता. जॉन बॉर्टलची २००१ची ही श्रेणी डोळ्यांनी आभाळ बघून ठरवायची असते. यानं ती उपग्रहाच्या नकाशावरून उचललेली. नकाशा खोटा नव्हता. पण तो ज्या उपग्रहांवरून बनतो ते रात्री दीडच्या सुमारास वरून जातात, आणि त्यांच्या उपकरणाला ५०० नॅनोमीटरच्या खालचा निळा प्रकाश दिसत नाही. खाणीत पांढरे एलईडी, त्यातले बरेचसे बारानंतर बंद. नकाशात जागा काळीकुट्ट दिसणारच. संध्याप्रकाश पूर्ण संपल्यापासून, म्हणजे सूर्य क्षितिजाखाली १८ अंश गेल्यापासून, मध्यरात्र उलटेपर्यंत चारही दिशांना तोंड करून मी एकदा तरी उभा राहायला हवा होतो.

बांधणाऱ्याची कथा आणखी चीड आणणारी. दुर्बिणीच्या खांबासाठी नदीची वाळू असं लेखी ठरलं होतं, पैसेही तिचेच घेतले. कॉंक्रीट ओतलं त्या दिवशी मी तिथं नव्हतो. दोन महिन्यांनी खांबाच्या कडेवर किल्ली ओढली तर भुसा गळावा तशी पूड गळाली. दुर्बिणीची नेत्रिका, म्हणजे डोळा लावायचा भाग, उलटी धरून भिंगासारखी वापरली: दाणे गोल, गुळगुळीत, सगळे एका मापाचे, खसखशीसारखे. टेकाडावरचीच वाळू! वाऱ्यानं घासून गुळगुळीत झालेल्या इतक्या बारीक दाण्यांचं कॉंक्रीट कमजोर होतं, आणि अशा वाळूत मीठ असलं तर सळया गंजतात ते वेगळंच.

खांब आणि फरशी यांच्यात बोटभर फट ठेवायला सांगितली होती. तीही त्यानं 'सफाई दिसावी' म्हणून सिमेंटनं बुजवली. दोनशे पटीला शनी लावला आणि मी पाय हलवला की कडी थरथरायची.

घुमटाचं फायबर वर्षभरात उन्हानं पांढरं पडून हाताला खाज आणायला लागलं, पण त्याबद्दल भांडायला अंगात जोर उरला नव्हता.

वाळूची पुडी त्याच्यासमोर धरली तेव्हा तो म्हणाला, "वाळू ती वाळू, साहेब."

खांब फोडून पुन्हा ओतला, या वेळी पहिल्या घमेल्यापासून शेजारी उभं राहून. खाणीपुढे इलाज नाही. धनू राशीकडे दुर्बीण वळवायची ती आता बारानंतरच.