खडेबाजारातले रेकॉर्डवाले मामा आणि दिदुरांचा खर्ज

मी सुळेभावीचा, गायक कुमार गंधर्वांच्या जन्मगावचा. बेळगावात खडेबाजारच्या बोळातल्या मामांकडून ऑपेरा गायक आदामो दिदुरांची लाखेची जुनी तबकडी घेतली. मामांनी ती मऊ फडक्यानं पुसली, सुई बदलली, मगच लावली. कडेला बारीक चीर आहे, दर फेरीला टक् वाजतं. ते त्यांनी आधीच दाखवलं. पण आवाज! खर्जात उतरला की छातीत घुमतो. दिदुर पोलंडचे, जन्म १८७४चा. १९०८ ते १९३२ न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात गायले. १९१३ साली तिथं 'बोरिस गोदुनोव' हा ऑपेरा पहिल्यांदा झाला, त्यातली बोरिसची मुख्य भूमिका यांचीच. १९४६ला मायदेशीच वारले. चीर असूनही पैसे वसूल. मामांकडे रविवारी सकाळी जावा, निवांत ऐकवतात.