सोनेगावचा विमानतळ: अकरा महिने, एकवीस फेऱ्या

आधी हिशेब सांगते. गेल्या अकरा महिन्यांत बंगळूर-नागपूर-बंगळूर अशा एकवीस फेऱ्या झाल्या. बाबांचं खुब्याचं हाड मोडलं, भाऊ शारजात, आणि घरी येऊन-जाऊन मी एकटीच. त्यामुळे दर दुसऱ्या शुक्रवारी संध्याकाळी निघायचं आणि सोमवारी पहाटेच्या विमानाने परत. वर्षातून एकदा दिवाळीला येत होते तेव्हा नागपूरचा हा विमानतळ मला फक्त दिसत होता. वापरला तो या अकरा महिन्यांत.

सगळ्यात मोठा गुण पहिल्यांदा सांगून टाकते, कारण बाकी सगळं त्याच्यापुढे किरकोळ आहे. हा विमानतळ गावात आहे. शहराच्या मध्यापासून साधारण आठ किलोमीटर. आमचं घर प्रतापनगरात, त्यामुळे सामान हातात आलं की वीस मिनिटांत मी बाबांच्या खाटेशेजारी. बंगळूरला याच्या उलट हाल: तिथे विमानापेक्षा विमानतळापर्यंतच्या टॅक्सीत जास्त वेळ जातो आणि विमान पावणेदोन तासांत पोचतं. पंधरा दिवसांनी एकदा हे करून बघा, मग काचेच्या भिंती आणि संगमरवरी फरशा यांचं कौतुक आपोआप कमी होतं.

मेट्रोचं मात्र नीट समजून घ्या. ऑरेंज लाइनवर ‘एअरपोर्ट’ नावाचं स्थानक आहे, त्याच्या पुढे ‘एअरपोर्ट साउथ’ही आहे. नावावरून वाटतं की उतरलं की समोर टर्मिनल. तसं नाही. स्थानकं वर्धा रोडच्या बाजूला, टर्मिनल आत. पाठीवर एक पिशवी असेल आणि ऊन उतरलं असेल तर ठीक, नाहीतर पुढे ऑटो पाहावा लागतो. मी चार-पाच वेळा मेट्रोने गेले ती खरं सांगायचं तर वर्धा रोडवरच्या त्या दुमजली पुलाच्या हौसेनं. खाली रस्ता, मध्ये उड्डाणपूल, त्याच्या डोक्यावर मेट्रो, असा सलग ३.१४ किलोमीटर.

आता इमारत. सध्याचं टर्मिनल १४ एप्रिल २००८चं, म्हणजे आंबेडकर जयंतीच्या दिवशी सुरू झालेलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव त्याआधी, २००५ साली दिलं गेलं. जुने लोक अजून ‘सोनेगाव’च म्हणतात, ऑटोवाल्यालाही तेच लवकर कळतं. टर्मिनल लहान आहे आणि मला ते लहान असणंच आवडलं. दारातून आत शिरल्यापासून गेटपर्यंत पायांना फारसं काम नाही. कुठल्या टर्मिनलला जायचं, कुठली बस पकडायची, ही भानगड नाही. दोन-तीन विमानं एकाच वेळी सुटायची असली की तपासणीची रांग फुगते, आणि हे सकाळी सहा-सातच्या सुमारास हमखास होतं. दोष रांगेचा नाही, सगळ्यांनाच सकाळच्या बैठकीला मुंबई-पुणे-दिल्ली गाठायची असते त्याचा आहे. सोमवारी पहाटे जात असाल तर अर्धा तास जास्तीचा धरा. इतर दिवशी मी निवांत निघाले आणि कधी पस्तावले नाही.

पस्तावले ते विमान कंपनीमुळे. नाव घेत नाही. एका रविवारी रात्री संदेश आला, विमान दीड तास उशिरा. मग अडीच. मग चार. पहाटे पाच वाजता मी गेटवर बसून समोरच्या धावपट्टीकडे बघत होते आणि उजाडताना पलीकडे एक राखाडी, पंख उंचावर लावलेलं, चार इंजिनांचं धूड दिसलं. हवाई दलाचं आय-एल-७६, ज्याला ते ‘गजराज’ म्हणतात. तोवर माझ्या डोक्यात हा विमानतळ म्हणजे फक्त प्रवाशांचा होता. घरी फोन केला तर बाबा जागेच होते. म्हणाले, “ते तर काहीच नाही पोरी. आमच्या टायमाले अर्ध्या रात्री जत्रा भरत होती तिथं.”

बाबा टपाल खात्यात, आरएमएसमध्ये म्हणजे रेल्वे टपाल सेवेत सॉर्टर होते. आता शहाऐंशीचे आहेत. ही जत्रा म्हणजे काय ते मला पुढच्या फेऱ्यांमध्ये तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं.

विमानतळ तसा जुना, पहिल्या महायुद्धाच्या काळातला. दुसऱ्या महायुद्धात रॉयल एअर फोर्सने तो वाटेतला थांबा म्हणून वापरला आणि जाताना भारत सरकारच्या हाती दिला. पण त्याला खरं काम मिळालं ते जानेवारी १९४९मध्ये. रफी अहमद किडवई तेव्हा दळणवळण मंत्री. रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. रोज रात्री मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास इथून एकेक विमान आपापल्या भागातल्या पत्रांच्या थैल्या घेऊन निघायचं. चारही विमानं मध्यरात्रीनंतर नागपुरात उतरायची, थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत प्रत्येक विमान आपल्या गावी परत. दिल्लीत संध्याकाळी टाकलेलं पत्र मद्रासला सकाळी. त्याच वर्षी एप्रिलपासून देशातली साधी पत्रंही जादा शुल्क न घेता विमानाने जाऊ लागली.

नागपूरच का, याचं उत्तर भावनेत नाही, गणितात आहे. नागपूर ते ही चार शहरं, हवाई अंतर सातशे ते हजार किलोमीटर. डाकोटा विमान ताशी अडीचशेच्या आसपास उडायचं. म्हणजे कोणत्याही बाजूने तीन ते चार तास. रात्री नऊ-दहाला निघालं की एक-दीडपर्यंत इथे, तास-दोन तास अदलाबदल, आणि उजाडता उजाडता घरी. चार शहरांना एकमेकांशी थेट जोडायचं तर सहा मार्ग लागतात, जाऊन-येऊन बारा उड्डाणं. मध्ये एक जागा धरली की चार विमानांत काम होतं. आज ज्याला आपण मोठ्या तोऱ्यात ‘हब’ म्हणतो ते नागपूरनं कंदिलाच्या काळात करून दाखवलं होतं. (कंदील बाबांचा शब्द. धावपट्टीवर दिवे असणारच, पण ते कंदीलच म्हणतात.)

त्या विमानांत प्रवासीही असायचे. १९५३ साली इथे नवी इमारत झाली तिच्यात अल्पोपाहारगृह, विश्रांतीच्या खोल्या, पुस्तकांचा स्टॉल आणि विमानं बघायला आलेल्यांसाठी सज्जाही होता. रात्री एक वाजता पुस्तकांचा स्टॉल! त्याच वर्षीच्या डिसेंबरात इथून मद्रासकडे निघालेलं एक डाकोटा उड्डाण करताच कोसळलं. चौदापैकी फक्त वैमानिक वाचला. बाबा तेव्हा शाळेत होते, पण सांगताना अजून आवाज खाली घेतात.

ही सेवा ऑक्टोबर १९७३पर्यंत चालली. मग बंद झाली, आणि यालाही कारण तेच गणित. जेट विमान आलं, दिल्ली-मद्रास थेट तीन तासांच्या आत होऊ लागलं. मध्ये उतरायची गरज संपली. नागपूर जिथल्या तिथे होतं, फक्त त्याच्या मध्यावर असण्याची किंमत उतरली.

हे कळल्यावर मला मिहानकडे वेगळ्या नजरेने बघता आलं. मिहान म्हणजे नागपुरातला बहुविध मालवाहतूक केंद्र आणि विमानतळ प्रकल्प. त्यासाठी महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी २००२मध्ये स्थापन झाली आणि चार हजार हेक्टरांहून जास्त जमिनीचा बेत आखला गेला. मूळ कल्पना पुन्हा तीच: नागपूर देशाच्या मध्यात, तर माल इथे उतरेल आणि इथून वाटला जाईल. मला विचाराल तर ही कल्पना डाकोटाच्या वेगावर उभी आहे. विमानाला आता मध्याची गरज नाही, त्याला भरलेल्या खुर्च्या आणि भरलेलं पोट, म्हणजे खालचा मालाचा कप्पा, लागतं. मध्य लागतो तो ट्रकला. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ला पूर्ण ७०१ किलोमीटर खुला झाला, गोदामांची खरी गणितं आता तिकडे जुळतील.

पण मिहान फसलं असंही मी म्हणणार नाही, कारण माझ्या शेजारच्या खुर्चीवर कोण बसतं ते मी अकरा महिने बघते आहे. इन्फोसिस, टीसीएस, एचसीएलची गळ्यात पट्टे असलेली पोरं. आयआयएमचे विद्यार्थी. एम्समध्ये दाखवायला आलेल्या आईला घेऊन परत निघालेला मुलगा. एअर इंडियाच्या विमानांची देखभाल करणारं, बोइंगने बांधलेलं केंद्र २०१५पासून इथे आहे. माल नाही उतरला, माणसं उतरली. त्यासाठी शिवणगाव, खापरी, तेल्हारा, कलकुही इथल्या लोकांनी जमिनी सोडल्या. आमच्याकडे भाजी आणणाऱ्या काकू शिवणगावच्या. विमानतळाचा विषय निघाला की त्या वजनकाट्याकडे बघत गप्प बसतात.

आणखी एक मध्य आहे, तो प्रवाशाला दिसत नाही. दिल्ली-चेन्नई, मुंबई-कोलकाता अशी विमानं आपल्या डोक्यावरून जात असतात. वाटेत कुणाच्या छातीत दुखू लागलं तर जवळचा मोठा तळ म्हणून पुष्कळदा नागपूरच निवडतात. परदेशातून परदेशात निघालेली विमानंही अशी इथे उतरल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. शहराला एरवी माहीतही नसलेले पाहुणे.

ऋतूंचं सांगते. मे महिन्यात दुपारचं तिकीट स्वस्त दिसलं तरी विचार करून घ्या. पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तापलेली हवा विरळ होते, पंखांना कमी उचल मिळते आणि विमान जास्त धावून उठतं. ३२०० मीटरची धावपट्टी असल्याने काळजी नाही, पण उठल्यावर पहिली दहा मिनिटं असे हेलकावे बसतात की शेजारचे आजोबा रामरक्षा म्हणू लागतात. हिवाळ्यात त्रास दिल्लीच्या धुक्याचा. इथे लख्ख ऊन आणि विमान मात्र तिकडेच अडकलेलं. डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की मुंबईची तिकिटं कडाडतात आणि बाहेर सरकारी गाड्यांची वर्दळ. विजयादशमीच्या आसपास याच्या अगदी उलट चित्र: दीक्षाभूमीला येणारी पांढऱ्या कपड्यातली माणसं, कधी थायलंड-जपानकडचे भिक्खू, शांतपणे रांगेत. त्या आठवड्यात मला या विमानतळाचं नाव अगदी जागेवर वाटतं.

‘आंतरराष्ट्रीय’ या शब्दाबद्दल मात्र अपेक्षा बेताची ठेवा. शारजा आणि दोहा. युरोप-अमेरिकेला जाणाऱ्यांना दोहाचं विमान सोन्यासारखं आहे, मुंबईला हेलपाटा नको. वर्षाला साधारण अठ्ठावीस-तीस लाख प्रवासी इथून ये-जा करतात, त्यात परदेशचे थोडकेच.

पुढचं चित्र बदलणार हे नक्की. विमानतळ चालवायला देण्याची निविदा जीएमआर कंपनीने जिंकली, ती रद्द झाली, प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठातून सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि सप्टेंबर २०२४मध्ये शेवटची याचिका निकालात निघाली. ऑक्टोबरात करार झाला आणि ९ ऑक्टोबर २०२४ला सुमारे ७००० कोटींच्या विस्ताराची पायाभरणी पंतप्रधानांनी केली. नवं टर्मिनल होईल, ते व्हायलाच हवं. माझी धास्ती एवढीच की मोठं झाल्यावर चालणंही मोठं होईल, आणि माझी वीस मिनिटं चाळीस होतील. हा स्वार्थ आहे, मान्य.

गेल्या महिन्यात भाऊ आला. शारजाचं विमान इथे उजाडायच्या आत येतं. बाबा आता काठी घेऊन चालतात, हट्टाने म्हणाले मीही येतो. पहाटे साडेतीनला आम्ही आगमनाच्या दाराबाहेर उभे. माझ्या हातात थर्मास, बाबांच्या डोक्याला मफलर. विमान उतरल्याचं फलकावर आलं, माणसं ट्रॉल्या ढकलत बाहेर येऊ लागली, भाऊ दिसला, पाया पडला. बाबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, पण नजर आकाशाकडेच. मी म्हटलं, चला बाबा, आला तो.

“एकच आलं?” त्यांनी विचारलं.